पटका सोडून नवीन बुलेटप्रूफ हेल्मेट : नऊ महिने डोक्यावर घातल्यावरचा अनुभव

भाचा ह्या वर्षी भरती झाला आणि बेळगावला ट्रेनिंगला गेला, तेव्हापासून गावातली पोरं मला एकच विचारतात, मामा ते नवीन हेल्मेट खरंच एकेची, म्हणजे एके-४७ रायफलची गोळी अडवतं का. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. मी इन्फंट्रीत होतो, हवालदार म्हणून रिटायर झालो, काश्मीर खोऱ्यात दोन टेन्युअर, म्हणजे नेमणुकीचे काळ, केली. पहिलं पूर्ण पटक्यावर गेलं, आणि दुसऱ्याचे शेवटचे नऊ महिने नवीन हेल्मेटवर. यूनिट आणि जागा सांगणार नाही, त्याची गरजही नाही.

पहिल्यांदा पटका काय ते सांगतो कारण ज्याने घातला नाही त्याला कळत नाही. शीख जवान डोक्याला जो पटका बांधतात त्यावरून नाव पडलं, पगडीवरूनही बांधता यावा अशी त्याची रचना. कापडी खोळ आणि आत जाड पोलादी पत्रे, कपाळावर आणि मागच्या बाजूला. वजन अडीच किलोच्या वर. समोरून एकेची गोळी झेलायची त्याची ताकद होती आणि त्यावर आमचा पूर्ण विश्वास होता, आजही मी पटक्याला वाईट म्हणणार नाही, नव्वदच्या दशकापासून कितीतरी जवान त्याच्यामुळे घरी आलेत. पण टाळू उघडी. एकदा कॉर्डनला, म्हणजे वस्तीला वेढा घालायला, गल्लीत उभे होतो, वरच्या गच्चीवरून दगड आला आणि माझ्या शेजारच्या लान्स नायकाच्या बरोबर डोक्याच्या मध्यावर बसला, पटका घातलेला असून सात टाके पडले. आणि पळताना तो खाली सरकायचा, डोळ्यावर यायचा, एका हाताने रायफल धरायची का पटका सावरायचा. रोड ओपनिंगला, म्हणजे गाड्या जायच्या आधी रस्ता तपासून सुरक्षित ठेवायला, पहाटे बाहेर पडायचं ते अंधार पडेपर्यंत, तितका वेळ अडीच किलो कपाळावर लटकवून ठेवलं की मानेच्या मागची शीर रात्री झोपू देत नाही. पटक्याशिवाय जे साधं हेल्मेट इश्यू व्हायचं ते १९७४ मॉडेलचं फायबर ग्लासचं, त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही, गोळीसाठी ते नव्हतंच.

मग २०१७ च्या सुरुवातीला पेपरात आलं की लष्कराने १ लाख ५८ हजार हेल्मेटची ऑर्डर आपल्याच देशातल्या कंपनीला दिली, १७०-१८० कोटींची, म्हणजे एक हेल्मेट साधारण अकरा हजाराच्या आसपास पडलं. वीस वर्षांहून जास्त काळानंतर एवढी मोठी ऑर्डर निघाली होती. आमच्या हातात यायला २०१९ चा उन्हाळा उजाडला. स्टोअरमधून सीक्यूएमएचने, म्हणजे कंपनीचं सामान सांभाळणाऱ्या हवालदाराने, काढून दिलं तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती वजनाची, पटक्याच्या सवयीने हात जोरात वर गेला. कुकहाऊसच्या तराजूवर ठेवून बघितलं तर दीड किलोच्या आसपास भरलं.

आता मुख्य प्रश्न. एकेची गोळी जवळून आणि सरळ बसली तर अडवेल का, ह्याचं उत्तर नाही असंच धरून चला. हे ९ एमएमची, म्हणजे पिस्तूल-कार्बाइनची गोळी कमी अंतरावरून झेलायच्या हिशोबाने मागवलेलं आहे. हे ऐकून पोरांचा चेहरा पडतो, माझाही तेव्हा पडला होता, की मग पटका काय वाईट होता. पण आमच्या साहेबांनी एक गोष्ट नीट समजावली आणि ती मला पटली. लढाईतलं हेल्मेट मुळात गोळीसाठी जन्मालाच आलं नाही. पहिल्या महायुद्धात १९१५ साली फ्रेंचांनी ॲड्रियन आणि इंग्रजांनी ब्रॉडी हेल्मेट काढलं ते वरून फुटणाऱ्या तोफगोळ्यांचे छर्रे डोक्यात घुसून माणसं मरत होती म्हणून, ब्रॉडीची कड ताटासारखी रुंद आहे ती त्याचसाठी. आजही ग्रेनेड, आयईडी (पेरून ठेवलेले गावठी बॉम्ब), मॉर्टर ह्यांच्या ठिकऱ्या सगळ्या बाजूंनी येतात, त्या काही ठरवून कपाळावरच येत नाहीत. म्हणून हेल्मेटची परीक्षा घेताना १.१ ग्रॅमचा पोलादी तुकडा वेगवेगळ्या वेगाने मारून बघतात की कुठल्या वेगाला निम्मे तुकडे आरपार जातात. पटका दोन बाजू फार चांगल्या सांभाळायचा आणि बाकी डोकं देवाच्या हवाली, नवीन हेल्मेट सगळं डोकं सांभाळतं पण रायफलच्या गोळीपुढे त्याची मर्यादा आहे. दोन्ही एकात पाहिजे असेल तर वजन वाढतं आणि वजन वाढलं की माणूस ते सैल करतो, मागे ढकलतो, संधी मिळाली की काढून मांडीवर ठेवतो. मी स्वतः पटका काढून ठेवलेला आहे, थंडीत, संत्री ड्युटीवर म्हणजे पहाऱ्यावर, आणि ते चूक होतं. नवीन हेल्मेट मी नऊ महिन्यांत ड्युटीवर असताना एकदाही काढलं नाही, आणि माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा गुण हाच.

अशी हेल्मेटं पोलादाची नसतात, अरामिड म्हणजे केवलारसारख्या धाग्याचे थरावर थर राळेत दाबून केलेली असतात. केवलार १९६५ ला अमेरिकेत ड्यूपाँटच्या स्टेफनी क्वोलेक ह्या बाईंनी शोधला, आणि त्यांच्या सैन्याने पोलादी एम-१ सोडून त्याचं हेल्मेट पहिल्यांदा १९८३ ला कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर लढाईत वापरलं. धागा ताणला जातो आणि गोळीचा जोर आजूबाजूला पसरवतो, पण अडवताना कवच आतल्या बाजूला फुगतं. म्हणून कवच आणि कवटी ह्यांच्यात जागा लागते आणि ती जागा पॅड राखतात. इथेच बहुतेक जण चुकतात. टोपी बसवल्यासारखं दाबून घालायचं, पॅड काढून टाकायचे कारण गरम होतं, हे अजिबात करू नका, पॅड काढलं की कवच सरळ कवटीवर येणार. आमच्यात एकाने टाळूवरचं पॅड काढून खिशात ठेवलेलं, सुभेदार साहेबांनी बघितलं आणि पूर्ण सेक्शनला बसवून प्रत्येकाचं डोकं शिंप्याच्या टेपने मोजायला लावलं. माझं ५८ सेंटीमीटर. साइज बरोबर, पॅड नीट लावलेले, चारही पट्टे सारखे ओढलेले, मग मान झटकून बघायची, हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे, मागून नाही. भुवयांच्या बोटभर वर कड. जमिनीवर पालथं पडून रायफल खांद्याला लावून बघा, बीपी म्हणजे बुलेटप्रूफ जाकिटाची कॉलर मागून हेल्मेट पुढे ढकलते आणि साइट दिसत नाही असं झालं तर मागचा पट्टा परत लावा. मला हे जमायला तीन आठवडे गेले.

त्रास होता, तोही सांगतो. उन्हाळ्यात घाम पॅडमध्ये मुरतो, मिठाचे पांढरे डाग पडतात, वास येतो, कपाळावर पुरळ उठलं होतं मला. पॅड साबणाच्या पाण्यात धुवून सावलीत वाळवायचे. थंडीत उलटं, पहाटे पॅड लाकडासारखे कडक, मी रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचो. हातमोजे घालून हनुवटीचं बक्कल लागत नाही. आणि रेडिओचा हेडसेट त्याखाली घालून चार तास बसलं की कानाची पाळी दुखते, आमचा ऑपरेटर रोज सांगायचा.

दगड मलाही बसला, सप्टेंबरात, उजव्या कानाच्या वर. आवाज मोठा झाला, डोकं एक क्षण सुन्न, बाकी काही नाही, वरच्या कापडाला फक्त चिरा. तरी ते लगेच स्टोअरला दाखवलं कारण बाहेरून धड दिसलं तरी आतले थर सुटलेले असू शकतात, नाण्याने ठोकत गेलं की तिथे आवाज बद्द येतो. माझ्याचा सगळीकडे सारखा आला म्हणून परत मिळालं. त्यावर बसू नका, स्क्रू लावायला भोक पाडू नका, थिनरवाला रंग मारू नका आणि उन्हात महिनोन्‌महिने टाकून ठेवू नका, अरामिडला ऊन आणि ओल दोन्ही सोसत नाही.

ऑनलाइन तीन-चार हजारात असंच दिसणारं मिळतं, पोरं फोटो पाठवतात. ती खेळायची असतात, प्लास्टिकची, ती घालून कुणी बंदोबस्ताला जाऊ नका.

जायच्या आधी हेल्मेट जमा करायचं होतं. माझ्यानंतर ते आमच्याच सेक्शनमधल्या नव्या पोराला मिळणार होतं, परभणीकडचा, बावीस वर्षांचा. त्याचं डोकं ५६ भरलं. रात्री बराकीत बसून आम्ही सगळे पॅड उपटले, जाड पॅड आतून दोन्ही बाजूंना लावले, पट्टे परत ओढले, अर्धा-पाऊण तास गेला. मग त्याला म्हणलं उठ, दोन उड्या मार, मान झटक. हेल्मेट हललं नाही.