वेब सॉइल सर्व्हे: ओहायोत प्लॉट घ्यायच्या आधी हे उघडाच

घर बांधायला वायव्य ओहायोत प्लॉट बघत होतो, एक अगदी मनात भरला, सपाट, माती काळीभोर, वर्षानुवर्षं मका नि सोयाबीन घेतलेला, विकणारा म्हणाला जमीन एक नंबर, आणि ते खरंच होतं, फक्त पिकासाठी.

वेब सॉइल सर्व्हे ही कुठे कसली माती आहे ते नकाशावर दाखवणारी अमेरिकेच्या कृषी खात्याची साइट, 2005 पासून चालू, फुकट, लॉगिन वगैरे काही नाही. नकाशावर प्लॉटभोवती चौकोन काढला तर जवळजवळ सगळी पेवामो माती निघाली. म्हणजे हिमनदी मागे हटताना टाकून गेलेली चिकण गाळाची माती, आपल्याकडे जिला चिबड म्हणतात तसली, पाणी मुरतच नाही, हिवाळ्याच्या शेवटाला आणि वसंतात अगदी वरपर्यंत येतं. एकाच जमिनीला साइट दोन तोंडांनी बोलते आणि दोन्ही बरोबर: शेतीसाठी 'निचरा केला तर उत्तम जमीन', बेसमेंटचं घर आणि सेप्टिक टँकचं पाणी जिरवायला 'व्हेरी लिमिटेड', म्हणजे फारच अडचणीची. शेतकऱ्यांनी खाली भोकांचे पाइप टाकून पाणी चरात काढलंय म्हणून वाफसा येतो आणि मका उभा राहतो, ते पाइप तुंबले की परत तळं. म्हणजे तिथे बेसमेंट खणायचं म्हणजे पंप कायमचा मागे लागला.

तरी नुसत्या नकाशावर जाऊ नका, एका रंगात दुसऱ्या मातीचे छोटे तुकडे लपलेले असतात, साइटवर तसं लिहिलेलंही आहे. आम्ही एप्रिलमध्ये गिरमिट घेऊन गेलो, वरची वीतभर काळी माती संपली की खाली राखाडी, त्यात गंजासारखे तांबूस ठिपके, बोटांनी दाबली तर साबणासारखी पसरत होती, आणि आम्ही बोलत उभे होतो तेवढ्यात भोकात पाणी चढलं. राखाडी रंग दिसला की समजायचं माती बराच काळ पाण्याखाली असते, कोरड्या ऑगस्टात गेलात तरी तो रंग जात नाही.

आम्ही तो प्लॉट सोडला आणि थोडा उंचवट्यावरचा बघतोय. माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार. सुरुवातीला टॅब बघून गोंधळायला होतं, 'सूटेबिलिटीज अँड लिमिटेशन्स' (जमीन कशाला चांगली, कशाला नाही) शोधा, तिथेच खरा माल आहे, आणि शेवटी 'शॉपिंग कार्ट'मधून पूर्ण रिपोर्टची पीडीएफ काढून घ्या, नाव कार्ट असलं तरी पैसे लागत नाहीत.