छातीत जळजळ नसलेला आम्लपित्ताचा खोकला: पीपीआय की अल्जिनेट?

खोकला 8 आठवड्यांहून जुना, घसा सतत खाकरावा लागतो, जळजळ मात्र नाही. अशा वेळी ओमेप्राझोलसारखी पीपीआय गोळी जठरातलं आम्ल कमी करते, पण ते वर येणं थांबवत नाही. पेप्सिन, म्हणजे जठरातलं अन्न पचवणारं विकर, घशापर्यंत पोचतच राहतं. म्हणून जळजळ नसेल तर नुसत्या गोळीने खोकला बहुधा हटत नाही. जेवणानंतर घेतली तर गुण आणखी कमी. जेवणाआधी 30 ते 60 मिनिटं हवी.

अल्जिनेट हे समुद्री शेवाळापासून बनवलेलं औषध जठरातल्या अन्नावर तरंगता थर धरतं आणि आम्ल, पेप्सिन वर येणं अडवतं. जेवणानंतर आणि झोपताना घ्यावं, वर लगेच पाणी नको. पुरावा मर्यादित असला तरी जळजळ नसलेल्यांसाठी आम्हाला हेच पटतं. मीठ कमी करायला सांगितलं असेल, तर त्यातल्या सोडिअमबद्दल डॉक्टरांना विचारा. खोकल्यातून रक्त, वजनात घट? आधी तपासणी.