कासवांचं पॅकेज की चितवनची वेल?

पाठीवर बॅग टाकून परदेश फिरायचाय आणि त्याच रजेत निसर्गसंवर्धनाचं थोडं कामही करायचंय, असं म्हणणाऱ्यापुढे शेवटी दोनच रस्ते उरतात. एजन्सीकडे पैसे भरून ठरलेल्या प्रकल्पावर ठरलेले आठवडे जायचं, नाहीतर आधी नुसतं निघायचं आणि तिथल्या लोकांकडून काम मिळवायचं. मी पहिला रस्ता श्रीलंकेत धरला, दुसरा नेपाळमध्ये. सोलापूरहून निघणाऱ्याला दोन्ही देश खिशाला झेपतात, म्हणून ही जोडी. कोस्टा रिका, बोर्निओ ज्याला जमेल त्यानं जरूर करावं. आपल्या रजेचा आणि विमानभाड्याचा मेळ तिथं बसत नाही.

सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षी दिसेनासा झाला आणि तुम्ही निघालात गेंड्यांमागे, हा टोमणा मला बसला, तुम्हालाही बसेल. त्यात तथ्य आहेच. बुद्धपौर्णिमेला वनखात्याच्या पाणवठ्यावरच्या गणनेत मचाणावर रात्र काढली नसेल तर आधी ती काढा. कासवांसाठी कोकणातलं वेळास गावही आहे. रात्रभर काहीही न घडणं आपल्याला सोसतं का, हे मचाणावर घराजवळच कळतं. परदेशातही काम बहुतेक तेवढंच असतं.

श्रीलंकेची बाजू आधी, कारण ती खरोखर भक्कम आहे. जगातल्या समुद्री कासवांच्या सात जातींपैकी पाच तिथं अंडी घालायला येतात. मुंबईहून कोलंबो जवळ, विमानतळावर गाडी येते, खोली आणि जेवण ठरलेलं, कुणाला विचारत बसावं लागत नाही. रात्रीची गस्त मात्र पॅकेज असो नसो, विसरता येत नाही. लाल झाकणाची बॅटरी, तीही बहुतेक वेळ बंद. मादी वाळू उपसते तेव्हा मागच्या पायाचा वल्ह्यासारखा पंजा आत जातो, कडेनं वळतो आणि मूठभर वाळू अलगद बाहेर टाकतो. आपण श्वास रोखून पोटावर पडलेलो. ओल्या अंड्यांचा वास यायला लागला की समजायचं, आता ती उठणार नाही.

एवढं असून माझं मन उडालं ते सोमवारामुळे.

प्रकल्प माणसं घ्यायचा फक्त सोमवारी आणि मोकळी करायचा रविवारी. ऐकायला किरकोळ वाटतं. पण बॅग घेऊन फिरणाऱ्याचा सगळा बेत या एका वाराला टांगला जातो. एल्लाच्या डोंगरात हवा उघडली, चार माणसांशी ओळख झाली, पुढच्या टेकडीवर जायचं ठरलं, की आठवतं, सोमवारी किनाऱ्यावर हजर व्हायचंय. मग डोंगर सोडा आणि गर्दीच्या बसमध्ये उभे राहा. तिथं पोचल्यावर पहिला दिवस टी-शर्ट, ओळख-परेड आणि भिंतीवरच्या चित्रफितीत जातो. पुढच्या सोमवारी नवी तुकडी आली की तेच पुन्हा, आणि जुन्यांनीही बसायचं. कासवाला वार कळत नाही. एक घरटं फुटलं ते नेमकं रविवारी, जुने बॅगा भरत होते आणि नवे आले नव्हते तेव्हा. राखणदार एकटा पिल्लं मोजत होता आणि आम्ही हिशेबाच्या वहीत सह्या करत होतो. त्या दिवशी माझ्या मनात निकाल लागला.

टाक्यांचाही प्रश्न आहे. अंड्यातून बाहेर पडल्यावर पिल्लाच्या अंगात सुरुवातीला पोहण्याची जबरदस्त ऊर्मी असते. त्या जोरावर ते किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात पोचतं. काही उबवणी केंद्रांत पर्यटकांना दाखवायला पिल्लं टाकीत ठेवतात आणि ती ऊर्मी सिमेंटच्या भिंतीवर धडका मारण्यात संपते. टाकी घासण्याचं काम स्वयंसेवकाकडे. सगळी केंद्रं अशी नाहीत. दक्षिण किनाऱ्यावरच्या रेकाव्याला अंडी आहेत त्याच वाळूत ठेवून राखण करण्यावर भर आहे. पण पॅकेजच्या माहितीपत्रकात हा फरक कुणी छापत नाही, तो आपण विचारायचा.

आता नेपाळ. पुण्याहून गोरखपूरची गाडी, तिथून सुनौलीची सीमा, पलीकडून बस. व्हिसा नाही, मात्र सीमेवर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, नुसत्या आधारवर विसंबू नका. चितवन राष्ट्रीय उद्यान १९७३ चं. २०२१ च्या गणनेत नेपाळात ७५२ गेंडे मोजले गेले, त्यातले ६९४ एकट्या चितवनात. गेंड्याची शिकार आटोक्यात आली तरी चाऱ्यावर दुसरंच संकट आहे, ते म्हणजे मिकेनिया नावाची अमेरिकेकडून आलेली वेल. तिथले लोक तिला लहरे बनमारा म्हणतात. ती झुडपांवर, गवतावर चादर पसरल्यासारखी चढते आणि खालचं सगळं उजेडावाचून मरतं.

उद्यानाच्या उत्पन्नाचा ३० ते ५० टक्के वाटा भोवतालच्या गावांसाठी ठेवलेला असतो, आणि कडेची सामुदायिक वनं गावच्या समित्या सांभाळतात. त्यामुळे वेल काढण्याचं काम मुळात गावाचं असतं, तुमच्यासाठी रचलेलं नसतं. मी उद्यानाच्या कडेच्या सौराहा गावाजवळ एका थारू घरात, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांकडे, उतरलो होतो. घरमालकाला विचारलं, त्यानं समितीच्या माणसाला विचारलं. उत्तर आलं, “परवा या, हँसिया इथं मिळेल, बूट तुमचे.” हँसिया म्हणजे आपला विळा.

काम दिसतं तितकं सोपं नाही. वेलीच्या पेऱ्यापेऱ्याला मुळं फुटतात, म्हणून तोडून तिथंच टाकली तर एकीच्या दहा होतात. बुंध्याशी कापायची, मुळं उपटायची, सगळं ताडपत्रीवर गोळा करायचं आणि तुकडा खाली पडू द्यायचा नाही. माझ्यामागून एक आजी हिंडत होत्या आणि मी सांडलेली पेरं न बोलता उचलून ताडपत्रीवर टाकत होत्या. एकदा गेंडा निघाला, तर सगळे शांतपणे मागे सरून चहा प्यायला बसले. तो गेल्यावर पुन्हा काम. दोन दिवस काम नसलं की मी उठून दुसरीकडे जायचो, परत आलो तर कुणी विचारायचं नाही. हे मोकळेपण मला फार मोलाचं वाटलं.

उणं काय? प्रमाणपत्र नाही. जळवा आहेत. पाय मुरगळला तर जबाबदार कुणी नाही, तुम्ही आणि तुमचा विमा. आणि विमा घेताना अटी वाचा. अंगमेहनतीचं काम किंवा प्राण्यांजवळचं काम पुष्कळ पॉलिसींतून वगळलेलं असतं. पहिल्यांदाच देशाबाहेर निघालेल्याला, किंवा घरच्यांना रोज रात्री ठावठिकाणा कळवायचा असेल त्याला मी श्रीलंकेचंच पॅकेज सुचवीन, तेही संकोच न करता. “पैसे भरून हमाली करायला परदेशात?” असं विचारणाऱ्या वडिलांनाही छापील कार्यक्रम दाखवता येतो. माझं मत माझ्या फिरण्याच्या खोडीतून आलंय, तेवढं वजा करून वाचा.

दोन गोष्टी मात्र दोन्हीकडे सारख्याच पाळा. जंगली प्राण्याला कुरवाळायला देणारा प्रकल्प सरळ टाळा. दक्षिण आफ्रिकेत अनाथ म्हणून सांगितलेली सिंहाची पिल्लं हौशी स्वयंसेवकांनी पैसे भरून वाढवली आणि पुढे त्यातली काही कुंपणातल्या शिकारीसाठी गेली. तिथल्या सरकारनं २०२१ मध्ये हे बंदिस्त सिंहपालन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. दुसरं, पर्यटक म्हणून गेल्यावर बिनपगारी कामही पुष्कळ देशांत चालत नाही. थायलंडमध्ये स्वयंसेवकालाही कामाचा परवाना लागतो. त्यामुळे श्रीलंका असो की नेपाळ, तुम्ही करणार ते काम कोणत्या परवानगीत बसतं, हे यजमानांकडून आधी लेखी घ्या. लेखी द्यायला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडे जाऊ नका.

नेपाळ ठरलंच तर दिवाळीची रजा धरू नका. घटस्थापना तिथंही त्याच दिवशी बसते, आणि दशैं, म्हणजे तिथला दसरा, सुरू झाला की समितीतलं कुणी भेटत नाही. नंतर वेल फुलते, बी धरते, मग ती हलवण्यात अर्थ उरत नाही. गणपती उठले की पितृपंधरवड्यात निघा. पाऊस थोडा अंगावर येईल, पण ऑफिसात त्या दिवसांत रजेला कुणी आडवं येत नाही आणि गोरखपूरच्या गाडीचं तिकीटही त्यामानानं लवकर पक्कं होतं.