मिडी फाइल दुरुस्त करायची: म्यूझस्कोर की एलएमएमएस?

सोलापुरात बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या भाच्याने विचारलं, "मामा, गड्ड्याच्या जत्रेआधी चार गाणी बसवायचीत, मिडी फाइल कशात उघडू?"

मिडी फाइल म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज नव्हे, तर कोणता स्वर कधी आणि किती जोरात वाजवायचा याची नोंद. म्यूझस्कोर आणि एलएमएमएस ही ती उघडणारी दोन सॉफ्टवेअर. खर्चाचा प्रश्नच नाही, दोन्ही फुकट.

खरा फरक दिसण्यात आहे. म्यूझस्कोरमध्ये पाच रेघांवर नोटेशन दिसतं, ते छापून वाटता येतं. बी-फ्लॅट क्लॅरिनेटसाठी स्वर दोन सेमीटोन (अर्धस्वर) वर सरकवून लिहावे लागतात, तेही तो करून देतो. पण कीबोर्डवर हाताने वाजवलेली फाइल उघडा, की गंमत बघा! मिलिसेकंदाचा मागे-पुढेपणा तो मात्रांत बसवू पाहतो आणि कागदावर टाय (स्वर जोडणाऱ्या कमानी) आणि विरामांचं जंगल उगवतं. मग तासभर साफसफाई.

एलएमएमएसच्या पियानो रोलमध्ये स्वर म्हणजे आडव्या पट्ट्या. पट्टी ओढली की वेळ बदलली, स्वराचा जोरही कमी-जास्त करता येतो. नोटेशन वाचता येत नसलं तरी अर्ध्या दिवसात हात बसतो. छापायला मात्र काहीच मिळत नाही.

वादकांच्या हाती कागद द्यायचा असेल तर म्यूझस्कोर. कीबोर्डवाल्यासाठी ट्रॅक सुधारायचा असेल तर एलएमएमएस. भाच्याला मी म्यूझस्कोरच सांगितलं. मूळ फाइलची प्रत आधी वेगळी ठेव, हेही बजावलं.