फेल्को २ : बर्फ वितळायच्या आत पूर्ण खोलून घ्यावी अशी कात्री

टोरंटो किंवा शिकागोसारख्या ठिकाणी सफरचंद-नासपतीची छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, कळ्या फुगण्याआधी उरकावी लागते. अवजारं त्याआधी तयार हवीत. आपल्या द्राक्षबागेत जिला सिकेटर म्हणतात त्या कात्र्यांत स्वित्झर्लंडची फेल्को २ महाग आहे, पण घ्याच. ही कात्री सुटी होते आणि झिजलेला भाग वेगळा मिळतो.

आधी स्प्रिंग काढा. मग दातेरी पट्टीचा छोटा स्क्रू आणि मधला नट सोडवून बोल्ट ओढला की पातं हातात येतं. बोल्टच्या आजूबाजूला काळा, चिवट थर दिसेल. तो गेल्या हंगामातला वाळलेला चीक. तो दोन पात्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो, म्हणून फांदी कापली न जाता चेपते आणि साल फाटते. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने तो सुटतो. गंज असेल तर पातं, फक्त पातंच, तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा, तारेच्या घासणीने घासा, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवून लगेच कोरडं करा. मुठी ॲल्युमिनियमच्या आहेत, त्यांना व्हिनेगर लागू देऊ नका.

धार एकाच बाजूला लावायची, मूळ उताराच्याच कोनात. सपाट बाजूवर दगड आडवा टेकवून एक-दोन हलके हात पुरेत, तेही खरखरीत कड काढण्यापुरते. तिथे उतार पडला की दोन पात्यांत फट राहते, आणि मग नट कितीही आवळा, उपयोग नाही.

जोडताना शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब बोल्टला द्या. जवसाचं तेल लाकडी दांड्यांना उत्तम, इथे मात्र सुकून चिकट होतं. (त्या तेलाचे बोळे गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.) स्प्रिंग न लावता पातं सहज फिरावं, पण बाजूला हलू नये. वर्तमानपत्राचा कागद टोकापर्यंत सरळ कापला गेला तर नट बरोबर बसला. कागद दुमडला तर सैल आहे.

ठेवायची जागा कोरडी हवी. न तापवलेल्या गॅरेजमध्ये थंडीपेक्षा ऊब घात करते. बर्फ वितळण्याच्या दिवशी दमट हवा आत येते, गार लोखंडावर दव धरतं आणि रातोरात लाल ठिपके उठतात. चामड्याच्या म्यानात तर ओल तशीच धरून राहते. तेलाचा हात फिरवून घरात, उघड्यावर टांगा.

एक उणीव आहे : खालचं पातं रिव्हेटने बसवलेलं असल्याने ते बदलणं घरगुती काम नाही. डावखुऱ्यांनी ९ नंबर घ्यावा, लहान हातांना ६ नंबर बरा.