ए३ बोर्ड, एक लोपबिंदू आणि बारा बाय चौदाची खोली: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वापरलेलं सामान: सरकपट्टीचा (वरखाली सरकणाऱ्या आडव्या पट्टीचा) ए३ ड्रॉइंग बोर्ड (प्लास्टिकचा, कडांना मिलिमीटरच्या खुणा छापलेला), त्यासोबत आलेला गुण्या (काटकोनाची पट्टी), वेगळी घेतलेली त्रिकोणी स्केलपट्टी, पेन-पेन्सिल, कार्ट्रिज पेपर आणि बटर पेपर. वापर आठ महिने, आठवड्याला दोन-तीन खोल्या. काम एकच, एका लोपबिंदूतून (मागे जाणाऱ्या सगळ्या रेषा चित्रात जिथे मिळतात ते टिंब) खोलीचं अंतरंग मापात काढणं.

निकाल आधीच सांगायचा तर बोर्ड चांगला आहे, सरकपट्टीने वेळ वाचतो, गुण्या टाकाऊ आहे. पण या बोर्डावर खोली शिकायची तर खरा प्रश्न अंतराचा आहे. लोपबिंदू कुणीही दोन मिनिटांत दाखवतं: कागदाच्या मध्यात टिंब, चार कोपऱ्यांतून टिंबाकडे चार रेषा, झाली खोली. मागची भिंत कुठे उभी करायची हे मात्र ‘नजरेने घ्या’ म्हणून सोडून देतात. तिथेच घोळ होतो. बारा बाय चौदाची खोली कधी बोळ होते, कधी नाटकाचा पडदा.

म्हणून पाहणारा किती लांब उभा आहे, हे आधी ठरवायचं आणि तेच अंतर कागदावर मांडायचं. ए३ बोर्ड पुरेल की नाही हेही यावरच ठरतं.

आपले मिस्त्री फुटांत बोलत असले तरी इथे मीटर सोयीचे. १२ बाय १४ म्हणजे ढोबळ ३.६ बाय ४.२ मीटर. उंची ३ मीटर. फरशी ६०० मिमीची, दुकानात जिला दोन बाय दोन म्हणतात ती. रुंदीत सहा आणि लांबीत सात बसतात, तुकडा लावावा लागत नाही. सुरुवातीला अशीच खोली घ्यावी. जुन्या घरातली शहाबादी दिसायला झकास, पण तिच्या लाद्या लहानमोठ्या असतात. पहिल्या महिन्यात तिच्या वाटेला जाऊ नये.

१:२० ने समोरची चौकट, म्हणजे खोलीची पाहणाऱ्याकडची उघडी बाजू, १८० × १५० मिमी होते. कागद आडवा लावायचा आणि चौकटीची डावी कड कागदाच्या डाव्या कडेपासून ५० मिमीवर घ्यायची. चौकट अशी एका बाजूला सरकलेली चमत्कारिक दिसते, पण उजवीकडची जागा लागणार आहे. नेत्रपातळी जमिनीपासून १.२ मीटर, म्हणजे ६० मिमी, खुर्चीत बसलेल्या माणसाची नजर. उभ्या माणसाची १.५ मीटर घेतली तर तीन मीटर उंचीच्या खोलीत ती बरोबर निम्म्यावर येते. मग जमीन आणि छत सारख्याच आकाराचे दोन तुकडे होतात आणि चित्रात जीव राहत नाही. लोपबिंदू डाव्या भिंतीपासून ७५ मिमीवर, मध्यापासून थोडा डावीकडे. त्यामुळे उजवी भिंत जास्त उघडते.

आता अंतर. लोपबिंदूपासून सगळ्यात लांबचा कोपरा उजवा-वरचा, १०५ मिमी आडवा आणि ९० मिमी उभा. तिरकं मोजलं तर १३८ मिमी. हा कोपरा ६० अंशांच्या दृष्टिशंकूत (नजरेच्या नीट दिसणाऱ्या टप्प्यात) बसायला हवा, म्हणून १३८ ला १.७३ ने गुणायचं. जवळपास २४० मिमी येतं. प्रत्यक्षात पाहणारा समोरच्या चौकटीपासून ४.८ मीटरवर आहे. नेत्रपातळीच्या रेषेवर लोपबिंदूच्या उजवीकडे २४० मिमीवर टिंब द्यायचं. हा अंतरबिंदू. जमिनीवरच्या ४५ अंशांच्या सगळ्या रेषा त्याच्याकडे जातात, सगळी पद्धत एवढ्यावरच चालते.

चौकटीच्या उजव्या-खालच्या कोपऱ्यापासून डावीकडे तळरेषेवर (चौकटीची खालची कड, डावीकडे वाढवलेली) ३०-३० मिमीच्या सात खुणा करायच्या. शेवटची चौकटीच्या बाहेर जाते, जाऊ द्यावी. प्रत्येक खूण अंतरबिंदूला जोडली की उजव्या कोपऱ्यातून लोपबिंदूकडे जाणारी रेषा सात ठिकाणी कापली जाते. प्रत्येक छेदातून सरकपट्टीने आडवी रेषा ओढली की फरशीची एकेक ओळ मिळते. तळरेषेचे सहा भाग लोपबिंदूला जोडले की उभे सांधे होतात.

ए३ ची रुंदी ४२० मिमी. या मांडणीत डावीकडची शेवटची खूण २० मिमीवर येते आणि अंतरबिंदू ३६५ वर. कागद धरणारी पट्टी डावीकडचे दहा-बारा मिमी झाकते, तरी खूण मोकळी राहते. थोडक्यात, बारा बाय चौदाची खोली १:२० ने या बोर्डावर मावते, पण फार ऐसपैस नाही.

पडताळणी सोपी आहे. ४.८ ला ९ ने भागा (४.८ अधिक ४.२), उत्तर ०.५३३. मागची भिंत समोरच्या चौकटीच्या इतक्या पटीची, म्हणजे ९६ × ८० मिमी यायला हवी. दोन मिमीचा फरक दिसला तर अंतरबिंदू हललाय किंवा सरकपट्टी तिरकी बसली आहे. फरशीच्या ओळींची जाडी पुढून मागे अशी येते: ६.७, ५.३, ४.४, ३.६, ३.१, २.६, २.३ मिमी. आकड्यांतली घट पाहा, सुरुवातीला झपाट्याने आणि मग हळूहळू. अंदाजाने काढणारा प्रत्येक ओळ आधीच्या निम्मी किंवा सारख्याच फरकाने कमी करतो, आणि मागच्या भिंतीजवळ जमीन खड्ड्यात गेल्यासारखी दिसते. दुसऱ्याच्या चित्रात ही चूक पकडायची असेल तर एका फरशीचा कर्ण वाढवून बघा. तो पुढच्या प्रत्येक फरशीच्या कोपऱ्यातूनच गेला पाहिजे. चुकवत गेला तर ओळी अंदाजाच्या आहेत.

अंतर निम्मं, १२० मिमी घेतलं तर तीच मागची भिंत ६५ × ५५ मिमीपर्यंत आक्रसते आणि पुढच्या कोपऱ्यातल्या फरशा ताणल्यासारख्या दिसतात. हा तो बोळ. अंतर ६०० मिमी घेतलं तर भिंत १३३ मिमी रुंद होते आणि खोलीला खोलपणाच उरत नाही. बरोबर अंतराचं चित्र एक डोळा मिटून, दुसरा लोपबिंदूसमोर कागदापासून २४ सेंमीवर धरून पाहिलं की कोपऱ्यांतलं ताणलेपण नाहीसं होतं.

मोठं चित्र हवं, समजा १:१५ ने २४० × २०० मिमी, तर अंतरबिंदू ३२० मिमीवर जातो आणि कागद संपतो. तेव्हा अंतर निम्मं करायचं आणि तळरेषेवरच्या खुणाही निम्म्या. बिंदू १६० मिमीवर, खुणा ४० ऐवजी २० मिमीच्या. छेद तेच येतात. ही युक्ती कळली की ए२ बोर्डाची गरज फारशी उरत नाही. दोन्हींपैकी एकच निम्मं केलं तर मात्र सगळं वाया, आणि ही चूक सगळ्यात जास्त होते.

सामान ठेवताना नियम एकच, खरं माप फक्त समोरच्या चौकटीवर मिळतं. डाव्या भिंतीला लागून दिवाण ठेवू, ०.९ × १.८ मीटर, उंची ०.४५. फरशीच्या हिशेबात दीड रुंद, तीन लांब, पुढून दोन फरशा सोडून. चौकटीच्या डाव्या उभ्या कडेवर २२.५ मिमी मोजायचं आणि तिथून रेषा लोपबिंदूकडे न्यायची. दिवाणाचे कोपरे जिथे भिंतीला लागतात तिथून उभ्या रेषा वर चढवल्या की या रेषेवर उंची मिळते. दिवाणाची समोरची बाजू ३६ × १८ मिमी यायला हवी. खोलीच्या मधोमध असलेल्या टीपॉयसाठी पायापासून आडवी रेषा भिंतीपर्यंत न्यायची, तिथे उंची चढवायची आणि आडवीच परत आणायची. वाटेत एकही रेषा तिरकी येत नाही, आली तर चुकलं.

दिवाणावर सोलापुरी चादर टाकणं ही चांगली परीक्षा. जॅकार्डची (मागावर विणलेली) नक्षी मुळात चौकटीच्या कागदावरच मांडतात, तेव्हा चौकटी मोजून तीच जाळी दिवाणाच्या वरच्या पातळीवर उतरवायची. चौकटींची संख्या तीच, आकार मागे घटत जाणारा. बहुतेक जण जाळी बरोबर घालतात आणि फुलं मात्र सगळीकडे एकाच मापाची काढतात. चादर मग दिवाणावर न पसरता कागदावर चिकटवल्यासारखी दिसते.

सिलिंग फॅनला वेळ लागतो. पात्यांचा घेर १२०० मिमी, म्हणजे बरोबर दोन बाय दोन फरशांचा चौरस, छताखाली ०.३ मीटरवर. चौरसाचे कर्ण काढायचे. चार बाजूंचे मध्य आणि प्रत्येक कर्णावर केंद्रापासून अर्ध्या कर्णाच्या ०.७०७ अंतरावर एकेक, असे आठ बिंदू. हे ०.७०७ कागदावर सरळ मोजायचं नाही, तेही परिप्रेक्ष्यात (पर्स्पेक्टिव्हमध्ये) उतरवायचं. आठांतून लंबवर्तुळ जातं. फॅनचा दांडा कर्णांच्या छेदावर येतो, लंबवर्तुळाच्या मध्यावर नाही. दोन्हींत थोडा फरक असतो आणि तो ठेवायचा असतो. तीन पाती १२० अंशांवर असतात ती वरून पाहिलेल्या वर्तुळात. लंबवर्तुळावर कोनमापक लावून पाती टाकली की फॅन वाकडा दिसतो.

एवढं जमलं की पुढचा धडा यंत्रमागाची शेड. सारख्या अंतरावरचे माग, सारख्या खिडक्या, वर छताच्या कैच्या. एका लोपबिंदूला याहून चांगला विषय नाही.

आता सामानाच्या तक्रारी. बोर्डासोबतच्या गुण्याचा काटकोन खरा नव्हता. तपासायची रीत सोपी: सरकपट्टीवर ठेवून उभी रेषा ओढा, गुण्या उलटा करून त्याच टिंबातून दुसरी ओढा. दोन्ही वर जाता जाता फाकल्या तर फाक निम्मी केली की गुण्याची चूक कळते. इथे १५० मिमीत एक मिमी फाक निघाली. भिंती कललेल्या दिसायला तेवढी पुरते. वेगळा गुण्या घ्यावाच. सरकपट्टी पाहायची तर वर आणि खाली एकेक रेषा ओढून दोन्ही टोकांना अंतर मोजा. आमची आठ महिन्यांनीही सरळ आहे, फक्त तिच्यावरचे आकडे पुसट झालेत.

पेन्सिल ०.५ ची घेतली, ती चूक होती. मागची ओळ २.३ मिमीची असताना ०.५ चं शिसं त्यातला पाचवा भाग खातं. रचनेला ०.३, २एच (कडक शिसं). मऊ एचबीने सुरुवात केली तर सरकपट्टी खालीवर होताना सगळा कागद करडा होतो. पट्टीची खालची बाजू दर खोलीला कोरड्या कापडाने पुसावी.

लाकडी बोर्डावर लोपबिंदूला टाचणी टोचून पट्टी तिला टेकवतात. लिओनार्दोच्या मिलानमधल्या ‘शेवटच्या भोजना’च्या भिंतीवर ख्रिस्ताच्या डोक्याजवळ असंच खिळ्याचं छिद्र सापडलं आहे. प्लास्टिकच्या बोर्डात टाचणी घुसत नाही. उपाय दोऱ्याचा: लोपबिंदूवर सुईने भोक, त्यातून दोरा, मागे गाठ आणि टेप. सोलापुरात सुताला काय तोटा! दोरा दिशा दाखवण्यापुरताच, ताणून टोकाला खूण करायची आणि रेषा पट्टीनेच ओढायची. गाठ जाड झाली तर सरकपट्टी तिथे अडखळते.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की तळहाताच्या घामाने शिसं पसरतं, हाताखाली कोरा कागद ठेवावा. बटर पेपर कूलरच्या झोतात ठेवू नये. दमट हवा शोषून त्याला लाटा येतात आणि खालची रेषा वर गिरवताना मिलिमीटरभर सरकते. शाईचं काम कूलर बंद करून, सकाळी उरकलेलं बरं. बोर्ड उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये, प्लास्टिक वाकलं की सरकपट्टी मधोमध अधांतरी राहते.

बोर्ड विकत घ्यायचा नसेल तर पहिलं वर्ष संपलेल्या पॉलिटेक्निकच्या पोरांकडे मिनी ड्राफ्टर (बोर्डाला अडकवायचं, कोन लावता येणाऱ्या पट्ट्यांचं साधन) पडून असतो. तो चालतो, फक्त घेताना कोनाचा स्क्रू आवळून पट्टी टोकाला धरून हलवून बघा. हलली तर सोडून द्या.