रिले किटचे आठ महिने आणि एक काळी वायर

आधीच सांगून ठेवतो, अँबॅसेडरच्या हेडलाइटसाठी घेतलेल्या याच रिले किटला जुलैत मी रिव्ह्यूत एक तारा दिला होता. आज तो साडेतीन करतोय. उरलेले दीड तारे नऊ इंचांच्या एका काळ्या वायरीपायी कापलेत, ते परत मिळायचे नाहीत.

गाडी बाबांची, १९८६ची मार्क ४, पेट्रोल. अँबॅसेडरवाल्यांना हेडलाइटचं दुखणं नव्यानं सांगायला नको. बॅटरीतून निघालेला करंट आधी डॅशबोर्डच्या स्विचमध्ये, तिथून पायाखालच्या डिपरमध्ये (डिप म्हणजे जवळचा झोत, अप्पर म्हणजे लांबचा, ते बदलायचं बटण), मग जुनाट वायरीतून बल्बपर्यंत जातो, तोवर पार दमलेला असतो. माझ्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट यायचे आणि बल्बच्या सॉकेटवर १०.९. हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास पडतो, तेव्हा माझा तर निम्म्याच्याही खाली गेलेला. यवतमाळहून दारव्ह्याकडे रात्री येताना रस्त्यात रोही, म्हणजे नीलगाय, उभा असला की आधी त्याचे डोळे दिसायचे आणि पार जवळ गेल्यावर रोही.

फेब्रुवारीत ऑनलाइन ११५० रुपयांना किट मागवलं. त्यात रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट सोडणारे स्विच), बॅटरीतून थेट करंट आणणारी लाल वायर, बल्बचे सॉकेट आणि प्रत्येक सॉकेटपासून गाडीच्या बॉडीला जोडायची काळी वायर येते. बसवायला तास लागतो म्हणतात, मला तीन लागले. सॉकेटवर १३.३ व्होल्ट आले आणि त्या रात्री मी उगाचच पंपापर्यंत जाऊन आलो, पेट्रोल न भरता.

डिपरचं सुख वेगळंच. पूर्वी तासभर हेडलाइट लावले की डिपरची टोपी चपलेतूनसुद्धा गरम लागायची. त्यातून दहा अँपिअर जायचे, साठ वॅटचे दोन बल्ब म्हणजे तेवढे होणारच. आता फक्त रिलेच्या कॉइलपुरता करंट जातो, अँपिअरचा पाचवा भागही नाही. आमच्याकडे काही जण उजेड वाढवायला थेट १००/९० वॅटचे बल्ब ठोकतात, तेही जुन्याच वायरीवर. मग स्विच वितळला की कंपनीला शिव्या.

जुलैत पहिला मोठा पाऊस झाला आणि उजवा दिवा बिघडला. बिघडला म्हणजे विझला नाही. डिपवर टाकलं की डावा पांढराशुभ्र आणि उजवा देवघरातल्या समईसारखा पिवळा. काचेतून वाकून पाहिलं तर उजव्या बल्बची दोन्ही फिलामेंट मंद लाल. आणखी निरखलं तर डाव्याचं अप्परचं फिलामेंटही कणभर लाल, डिप चालू असताना! अप्परवर टाकलं तर हाच खेळ उलटा.

मल्टिमीटर काढला. उजव्या सॉकेटचा बल्ब काढून पिना लावल्या, १२.६ व्होल्ट. म्हणजे वायरिंग ठीक, बल्ब गेला, असं मीच ठरवलं आणि १८० रुपयांचा नवा बल्ब घेतला. तोही समईच. मग विक्रेत्याला फोन. त्यांनी व्हिडिओ मागितला, मग दुसरा व्हिडिओ, मग मीटरचा फोटो. फोटोत १२.६ दिसले तसं म्हणाले, सर, आमचं किट ओके आहे, प्रॉब्लेम तुमच्या गाडीत आहे. किट परत घ्या म्हटलं तर वायर टायने आवळलेली आहे म्हणून वॉरंटी संपली. एक तारा त्याच रात्री दिला, भाषा जरा जास्तच झाली होती.

इथे मला थोडं मागं घ्यावं लागेल. आठवड्याने गाडी आमच्या मिस्त्रीभाऊंकडे नेली. त्यांच्याकडे मीटर नाही. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि मगरी चिमटे लावलेल्या दोन वायरी, एवढंच हत्यार. मी मीटरचा फोटो दाखवला तर हसले.

"भाऊ, हे बल्ब काढून पाह्यलं ना? बैलाले बिनावझ्याचा चालवला तं तो लंगडते का नाही हे कसं समजन?"

त्यांनी बल्बचा एक चिमटा बॅटरीच्या प्लसला लावला, दुसरा उजव्या सॉकेटच्या काळ्या वायरीला. बल्ब नुसता लाल झाला. मग मी लाइट चालू ठेवून त्याच काळ्या वायरीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मीटर लावला, तर आठेक व्होल्ट! तिथे जवळपास शून्य यायला हवं. अर्थ (अर्थिंग, करंटची बॉडीतून बॅटरीकडे परतायची वाट) मिळत नाही म्हटल्यावर डिपचा करंट उजव्याच्या अप्पर फिलामेंटमधून उलटा शिरत होता आणि डाव्याच्या अप्परमधून बॉडीत उतरत होता. तीन फिलामेंट एका माळेत, म्हणून तिन्ही लाल. मीटर दोन महिने पेटीत पडून राहिला असता तरी चाललं असतं, इतका मी तो चुकीचा वापरला.

काळ्या वायरीची रिंग बॉडीला धरणारा नट काढला तर रिंगखाली रंग. गाडी पुन्हा रंगवताना बाबांनी बोल्टासकट रंगवून घेतली होती. म्हणजे विक्रेता खरा आणि मी खोटा! पत्रा घासला, नट आवळला, दिवा पांढरा. मी माफीचा मेसेजही टाईप करून ठेवला.

बरं झालं पाठवला नाही. पोळ्याला सासुरवाडीहून परत निघालो, अमावास्येची रात्र, आणि पुन्हा समई. या वेळी पत्रा चकचकीत होता. मिस्त्रीभाऊंनी रिंग पक्कडीत धरून वायर हलकी ओढली तर अर्ध्या तारा हातात आल्या. आत हिरवा गंज. रिंग नुसती दाबलेली, डाग दिलेला नाही, वर रबराची टोपीसुद्धा नाही. एक तार ब्लेडने खरवडली तर तांब्याचा रंग निघून गेला आणि आत पांढरं ॲल्युमिनियम. लाल वायर मात्र खरवडून पाहिली, अस्सल तांब्याची. म्हणजे जी वायर फोटोत दिसते ती चांगली आणि जी बोनेटच्या कोपऱ्यात लपते ती ही. करंट दोन्हींतून सारखाच जातो हो! वीस रुपये वाचवले असतील यांनी.

विहिरीच्या मोटरच्या फिटिंगमधला अडीच एमएमच्या तांब्याच्या वायरीचा तुकडा घरी होताच. रिंगला डाग देऊन तो थेट बॅटरीच्या मायनसला नेला, वरून व्हॅसलिन फासलं. खर्च पन्नास रुपये आणि दोन चहा. त्याच बैठकीत मागचंही निघालं. ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटर मिणमिणायचा, ते दोन वर्षं मी स्विचच्या माथी मारत होतो. तिथेही होल्डरचा अर्थच गंजलेला.

आता कपाशीची बोंडं फुटायला लागलीत, दिवा पांढरा आहे आणि परवा एक रोही लांबूनच अख्खा दिसला. रिलेंबद्दल तक्रार नाही, पावसाळाभर एकदाही अडकले नाहीत. घ्यायचं तर घ्या, पण काळ्या वायरी पहिल्याच दिवशी कापून फेका.

मी डावीकडची अजून कापलेली नाही. चालते आहे तोवर कशाला? तांब्याच्या वायरीचा दोन फुटी तुकडा मात्र डिकीत टाकून ठेवलाय.